डिडन्ट वेन्ट का नाही? वाचकांचे प्रश्न, टीचरची उत्तरं

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की इंग्रजीत "नाही" म्हणताना आपली गाडी भूतकाळातच जास्त अडकते, तुमचे किस्से कळवा. तर एवढे मेसेज आलेत की माझा फोन दोनदा हँग झाला. सगळे घेणं शक्य नाही, सारखेसारखे एकत्र केलेत, नावं काढलीत. आणि हो, इंग्रजी वाक्यंसुद्धा देवनागरीतच लिहिते, तोंडाने म्हणून बघायला सोपं जातं.

टीचर, मी कांदोळीला एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. परवा रात्रपाळीच्या रजिस्टरात लिहिलं, "टॅक्सी डिड नॉट केम, गेस्ट वेटेड वन अवर." सकाळी मॅनेजरने "केम"वर लाल गोल काढला आणि सगळ्यांना दाखवून हसला. पण गोष्ट कालची आहे ना, मग केमच हवं, कम म्हणजे तर "ये"! माझं काय चुकलं? — डिचोलीचा एक वाचक

हसण्यासारखं काय आहे त्यात, तुमच्या मॅनेजरला सांगा की टीचरने विचारलंय. चूक आहे हे खरं, पण ती अडाणीपणाची नाही, तुमचं मराठी पक्कं आहे म्हणून झालेली चूक आहे.

मराठीत बघा. येत नाही, आला नाही, येणार नाही. तिन्हीकडे "नाही" मांडी घालून बसलंय आणि धावपळ सगळी क्रियापदाची चाललीय. इंग्रजीत बरोबर उलटं. डझन्ट कम, डिडन्ट कम, वोन्ट कम. इथे "कम" जागचं हलत नाही, काळ बदलायचं काम "नाही"वाला शब्द करतो. तुम्ही मराठीतून विचार केला, क्रियापदाला भूतकाळ लावला, केम, आणि मग पुस्तकात शिकवलेलं डिड नॉटपण लावलं. म्हणजे हुमणात, माशाच्या कालवणात, मीठ सुनेनेही घातलं आणि मागून येऊन सासूनेही घातलं. डिड हाच डूचा भूतकाळ, मीठ त्याने घातलेलं आहे, आता केम, वेन्ट, टोल्ड, सॉ यातलं काही नको. डिडन्ट कम, डिडन्ट गो, डिडन्ट टेल, डिडन्ट सी.

आता गंमत सांगते. तुम्ही डिचोलीचे, म्हणजे घरात नाहीतर बाजारात कोंकणी आहेच. कोंकणीत "तो आयलो" याचं नाही कसं करता? "तो येवंक ना." आयलो गेलं कुठे? गायब! "हांव गेलों" तर "हांव वचूंक ना". क्रियापद परत आपल्या मूळ रूपाजवळ जाऊन बसलं, येवंक, वचूंक, आणि उरलेलं "ना"ने सांभाळलं. डिडन्ट कमची चाल जवळजवळ हीच आहे. म्हणजे जे इंग्रजीचं म्हणून आपण घाबरतो ते आपण रोज मासळी बाजारात बोलतो. "बस येवंक ना" म्हणताना तुम्ही कधी "बस आयलींक ना" म्हटलंय का? नाही ना, मग "डिडन्ट केम" तोंडात आलं की मनातल्या मनात येवंक ना म्हणा. माझ्या वर्गात मी हे केलं आणि फळ्यावर नियम लिहून जेवढं झालं नव्हतं तेवढं याने झालं. मराठी शाळेत कोंकणीचा दाखला देते म्हणून एक-दोघांनी नाकं मुरडली, मुरडोत.

अजून एक, शिक्षक वाचत असतील तर त्यांच्यासाठी. मुलांना हे जमलं का ते बघायला पुट, कट, हिट असली क्रियापदं देऊ नका. त्यांचं भूतकाळातही तेच रूप, त्यामुळे "आय डिडन्ट पुट" बरोबर आलं तरी पोराला कळलंय की नशिबाने आलंय ते समजत नाही. मी एकदा अख्खा पेपर कट-पुटवर काढला होता, वर्गाला पैकीच्या पैकी, मी खूश, आणि पुढच्या आठवड्यात त्याच वर्गाने "डिडन्ट ब्रॉट", "डिडन्ट एट" लिहून दिलं. ब्रिंग, ईट, गो, टीच असले द्या, जे रूप सगळंच बदलतात.

आणि डिडन्ट लावायचं ते कामाच्या क्रियापदाला. "मी घरी नव्हतो" यात काम नाही, असणं आहे, तिथे आय वॉजन्ट ॲट होम, डिडन्टचा संबंध नाही. दोन्ही एकत्र करून "आय वॉजन्ट वेन्ट" लिहिणारेही भेटतात, ते तर मुळीच नको. वॉजन्टनंतर जागा येते, गुण येतो किंवा आयएनजी येतं: वॉजन्ट देअर, वॉजन्ट रेडी, वॉजन्ट वर्किंग. तुमच्या रजिस्टरात "एसी वॉजन्ट वर्किंग" हे नेहमी लागत असणार, आणि तेच "एसी डिडन्ट वर्क"ही बरोबर, पण पहिल्यात तुम्ही गेलात त्या वेळी तो बंद होता, दुसऱ्यात त्याने कामच केलं नाही, गेस्टने पैसे परत मागायची शक्यता दुसऱ्यात जास्त.

टीचर, मुलगा नववीत आहे. पेपरात "काल मी शाळेत आलो नव्हतो" याचं इंग्रजी करायचं होतं. त्याने "आय हॅड नॉट कम टू स्कूल यस्टरडे" लिहिलं, मार्क कापले. मी गाईडमधलं टेबल काढून बघितलं, आलो नाही म्हणजे डिड नॉट कम, आलो नव्हतो म्हणजे हॅड नॉट कम, असंच छापलंय. मग मार्क का कापले? — फोंड्याची एक आई

ताई, टेबल अर्धंच खरं आहे आणि मार्क कापले ते बरोबर कापले. कागदावर नुसता लाल रेघोटा मारण्याऐवजी दोन शब्द लिहिले असते तर तुम्हाला गाईड काढायला लागलं नसतं, ते वेगळं.

आपलं "नव्हतो" फार मोकळं आहे. काल आलो नाही, काल आलो नव्हतो, दोन्ही चालतं. दुसऱ्यात नुसता जरा मागे वळून सांगितल्याचा सूर आहे, "अहो काल मी आलोच नव्हतो, मला कसं कळणार होमवर्क काय दिला". इंग्रजीतलं हॅड नॉट एवढं मोकळं नाही. ते म्हटलं की ऐकणारा थांबतो आणि मनात विचारतो, कशाच्या आधी? त्याला भूतकाळातच दुसरा एक खुंटा लागतो, ज्याच्या आधीपर्यंत ते काम झालेलं नव्हतं. "काल" हा नुसता दिवस आहे, खुंटा नाही. म्हणून आय डिडन्ट कम टू स्कूल यस्टरडे, बस्स.

चवथीचं उदाहरण घ्या. पाहुणे आले तेव्हा आम्ही माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची सजावट) बांधली नव्हती. इथे पाहुण्यांचं येणं हा खुंटा, त्याच्या आधी माटोळी व्हायला हवी होती ती झाली नव्हती. व्हेन द गेस्ट्स केम, वी हॅडन्ट टाइड द माटोळी. आता इथेच हॅडन्ट काढून डिडन्ट घाला: व्हेन द गेस्ट्स केम, वी डिडन्ट टाय द माटोळी. अर्थ काय झाला? पाहुणे आले आणि मग आम्ही माटोळी बांधलीच नाही, जणू पाहुण्यांवर रुसून! एका शब्दाने सगळ्या घराची अब्रू गेली. मुलाला ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहून द्या आणि गाईड माळ्यावर ठेवा.

हॅडन्टच्या मागे मात्र तिसरं रूप येतं, टाइड, गॉन, सीन, ईटन. इथे येवंक ना चालत नाही, ती युक्ती डिडन्टपुरतीच. पोरं डिडन्टचा नियम एकदा पाठ करतात आणि मग उत्साहात "हॅडन्ट गो"पण लिहितात.

याच धाग्यात म्हापशाच्या एका वाचकाचा प्रश्न घेते, त्याला ऑफिसच्या मेलमध्ये "तुमचं बिल मिळालं नाही" लिहायचं असतं आणि दर वेळी डिडन्ट रिसीव्ह की हॅवन्ट रिसीव्ड यावर पाच मिनिटं जातात. मराठीत (आणि कोंकणीत "मेळूंक ना"मध्येही) दोन्ही एकाच वाक्यात मावतं म्हणून हा घोळ. मनात "अजून" घालून बघा. बिल अजून मिळालं नाही, म्हणजे वाट बघतोय, पाठवा: वी हॅवन्ट रिसीव्ड युवर बिल. आणि मार्च महिन्यात मिळालं नाही, तो महिना संपला, हिशेब बंद झाला: वी डिडन्ट रिसीव्ह युवर बिल इन मार्च. काल, परवा, मार्चमध्ये, २०१९ साली असा गेलेला वेळ वाक्यात आला की हॅवन्ट बाद. अमेरिकेतली माणसं "अजून" असतानाही बोलताना डिडन्ट वापरतात, तुमचा क्लायंट तिकडचा असला तर त्याला चूक म्हणून उत्तर पाठवू नका म्हणजे झालं.

टीचर, मी पेपरवर्क करते, साहेबांना मेल केला, "आय वेटेड ॲट द जेटी अनटिल द फेरी डिड नॉट कम." साहेब म्हणाले मग तू अजून तिथेच उभी आहेस का? मला जोक कळलाच नाही. — दिवाडीहून पणजीला जाणारी

साहेब हुशार आहेत पण जोक समजावून सांगायला हवा होता. तुमच्या डोक्यात होतं "जोपर्यंत फेरी आली नाही तोपर्यंत मी धक्क्यावर थांबले". मराठीत त्या "नाही"शिवाय वाक्य उभं राहत नाही. पण हीच गोष्ट मराठीत दुसऱ्या तऱ्हेनेही सांगता येते ना, "फेरी येईपर्यंत थांबले". बघा, नाही कुठे गेलं? अनटिल हे या "येईपर्यंत"चं भावंड आहे, जोपर्यंत-नाहीचं नव्हे. आय वेटेड अनटिल द फेरी केम. केमच, कारण इथे नकार नाहीच, फेरी आली आणि तुमचं थांबणं संपलं. तुमच्या वाक्याचा अर्थ होतो, फेरीचं न येणं घडेपर्यंत मी थांबले, आता न येणं कधी घडतं ते तुम्हीच सांगा.

ही चूक मी मोठमोठ्या साहेबांच्या सर्क्युलरमध्येही बघितलीय, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. लिहिताना अनटिल आलं की आधी मराठीत "-ईपर्यंत" करून बघायचं: तो सांगेपर्यंत, पाऊस थांबेपर्यंत, पगार होईपर्यंत.

इंटरव्ह्यूमध्ये विचारलं, "सो यू डिडन्ट वर्क एनीव्हेअर बिफोर धिस?" मी नम्रपणे "येस सर" म्हटलं. त्यांनी लगेच विचारलं, कुठे? मी गप्प. काय म्हणायला हवं होतं? — पेडण्याचा एक पदवीधर

बाबा, यात मीही पडलेय, तीस वर्षं इंग्रजी शिकवल्यावर पडलेय. मुलीकडे बेंगळुरूला होते, रक्त तपासायला एका लॅबमध्ये गेले, उपाशीपोटी. तिथल्या सिस्टरने विचारलं, "यू डिडन्ट ईट एनीथिंग धिस मॉर्निंग, मॅम?" मी ऐटीत म्हणाले "येस". म्हणजे बाई, बरोबर, काही नाही खाल्लं. तिने सुई खाली ठेवली आणि म्हणाली, उद्या या. मुलगी बाहेर बसून हसत होती ते वेगळंच, मी परत दुसऱ्या दिवशी उपाशी.

आपलं "हो" हे समोरच्या माणसाला असतं. तू म्हणतोस ते खरं, हो, नाही खाल्लं. कोंकणीतलं "व्हय"ही तसंच. इंग्रजीतलं येस-नो समोरच्याला काही देत नाही, ते आपल्याच पुढच्या वाक्याकडे बघतं. पुढे डिडन्ट येणार असेल तर नो, डिड येणार असेल तर येस. प्रश्न कसा का विचारलेला असेना. नो सर, आय डिडन्ट. नो, आय डिडन्ट ईट. आणि केलं असेल तर येस, आय डिड, प्रश्नात नाही असलं तरी. "नो"ने समोरच्याला आपण खोटं पाडतोय असं वाटतं म्हणून जीभ अडते, पण त्याला तसं वाटत नाही, त्याला येसनेच गोंधळायला होतं. सगळ्यात सेफ म्हणजे येस-नो गिळून टाकायचं आणि सरळ वाक्य म्हणायचं: धिस वुड बी माय फर्स्ट जॉब, सर.

मी पोर्तुगीज शाळेतला. आमच्या वेळी "नांव फुई" म्हटलं की झालं, क्रियापदाच्या पुढे नांव लावायचं आणि मोकळं व्हायचं. हे डिड इंग्रजांनी कशाला आणलं? आणि शेजाऱ्यांकडच्या जुन्या इंग्रजी बायबलात "रिसीव्हड हिम नॉट" असं वाचलं, तिथे डिड कुठाय? — केपें, वय विचारू नका

आजोबा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. नांव फुई, नाही गेलो, अगदी बरोबर, पोर्तुगीजमध्ये क्रियापद भूतकाळातच राहतं, त्या बाबतीत ते आपल्या मराठीसारखंच. १९६१ नंतर इंग्रजीकडे वळलेल्या तुमच्या पिढीला डिड किती विचित्र वाटलं असेल ते समजू शकते.

बायबलातलं वाक्यही खरं आहे. किंग जेम्सचं भाषांतर १६११ सालचं, त्यात योहानाच्या पहिल्याच अध्यायात ते आहे, आपल्याच लोकांनी त्याला स्वीकारलं नाही, या अर्थाचं. तेव्हाच्या इंग्रजीत नॉट सरळ क्रियापदाच्या मागे लागायचं, आय नो नॉट, ही केम नॉट, आपल्या "आला नाही"सारखंच की! डिड तेव्हाही होतं पण मर्जीचं होतं, कोणी लावायचं कोणी नाही. पुढच्या काळात ते हळूहळू सक्तीचं झालं. जुनी पद्धत मात्र पूर्ण गेली नाही, मदतनीस शब्दांकडे ती अजून शाबूत आहे: वॉज नॉट, हॅड नॉट, कुड नॉट. इथे आजही नॉट थेट मागे लागतं, मध्ये डिड नको. म्हणजे तुमचा नियम असा धरा की मदतनीस आधीच घरात असेल तर नॉट त्याला चिकटतं, नसेल तर डिडला बोलावून आणावं लागतं. डिड म्हणजे रोजावरचा माणूस, घरचं कोणी नसेल तेव्हाच.

"यूज्ड टू"चं नाही कसं करतात? मी लहानपणी मासे खायचो नाही. — काणकोण

आय डिडन्ट यूज टू ईट फिश. लिहिताना यूजचा शेवटचा डी काढा, मीठ डिडने घातलंय. बोलताना फरक ऐकूच येत नाही. किंवा सरळ आय नेव्हर एट फिश ॲज अ चाइल्ड, आणि इथे नेव्हरबरोबर डिड नाही म्हणून एट भूतकाळातच. (काणकोणात राहून मासे खायचे नाहीत, यावर वेगळा कॉलम लिहायला हवा.)

नेव्हरवरून आठवलं, बऱ्याच जणांच्या मेसेजमध्ये "आय डिडन्ट नेव्हर गो" आणि "नोबडी डिडन्ट कम" होतं. मराठीत कोणीच आलं नाही, कधीच गेलो नाही, काहीच बोललो नाही असं म्हणतो म्हणून ते होतं. पण आपलं "कोणीच" एकटं काही नाकारत नाही, नाकारतं ते "नाही". इंग्रजी नोबडीच्या पोटात नाही आधीच आहे. नोबडी केम. आय नेव्हर वेन्ट. आय डिडन्ट से एनीथिंग. एका वाक्यात "नाही" एकदाच.

शेवटी साखळीच्या अकरावीतल्या मुलीने पाच वाक्यं तपासायला पाठवलीत, मासेमारी बंदीवर निबंध आहे तिचा. बाळ, "द ट्रॉलर्स डिडन्ट वेन्ट आउट फ्रॉम १ जून टू ३१ जुलै", इथे गो कर. "माय अंकल वॉज नॉट गो टू द सी", डिड नॉट गो. "देअर वॉज नॉट बांगडे इन द मार्केट", बांगडे पुष्कळ, म्हणून वेअर, आणि त्यापेक्षा देअर वेअर नो बांगडे बरं वाटेल. "वी एट ड्राय फिश अनटिल द बॅन डिड नॉट एंड", वरचं दिवाडीचं उत्तर वाच, अनटिल द बॅन एंडेड. "माय ग्रँडमदर डिडन्ट लाइक इट", हे बरोबर आहे, तसंच ठेव.